अमूरच्या काठावरचे शहर : ब्लागोवेश्चेन्स्कचे जगणे आणि अर्थकारण

रशियाच्या अतिपूर्व भागातील ब्लागोवेश्चेन्स्क शहराच्या नदीकाठच्या रस्त्यावर उभे राहिले की समोर चीन दिसतो. मध्ये अमूर नदीचे पात्र आहे आणि त्याची रुंदी या ठिकाणी एक किलोमीटरही भरत नाही. पलीकडच्या हेइहे शहरातील उंच इमारती, बाजारपेठेच्या पाट्या आणि रात्रीची रोषणाई इकडच्या बाकांवर बसून न्याहाळता येते. मात्र या पाऊण किलोमीटरच्या अंतरात घड्याळ एका तासाने मागे जाते. ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा हेइहेमध्ये नऊ, भारतात साडेसहा आणि ज्या मॉस्कोहून या शहराचा कारभार ठरतो तेथे पहाटेचे चार वाजलेले असतात.

या वेळापत्रकातच शहराची स्थिती सामावलेली आहे. राजधानी सहा तास मागे आणि विमानाने सात-आठ तास दूर. परका देश मात्र हाकेच्या अंतरावर. पलीकडचा काठ रोज दिसतो, पण तेथे जाता येईल की नाही हे नदीवरील बर्फ, दोन सरकारांमधील संबंध आणि रूबलचा भाव ठरवतात. गेल्या सुमारे १७० वर्षांत ही सीमा कधी सताड उघडी होती, तर कधी कडेकोट बंद. शहराची भरभराट आणि ओहोटी या उघडझापीशीच बांधलेली राहिली आहे.

महाराष्ट्राहून मोठा प्रदेश, गोव्याच्या निम्मी वस्ती

ब्लागोवेश्चेन्स्क ही अमूर प्रांताची राजधानी. प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ६२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षाही अधिक. २०२१ च्या रशियन जनगणनेनुसार या एवढ्या मोठ्या भूभागात राहणाऱ्यांची संख्या मात्र ७ लाख ६७ हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर होती, हे लक्षात घेतले तर विरळ वस्तीची कल्पना येते. प्रांतातील या लोकांपैकी जवळपास एक तृतीयांश, सुमारे २ लाख ४० हजार, ब्लागोवेश्चेन्स्कमध्येच राहतात. उरलेला प्रदेश म्हणजे जंगल, दलदल, दक्षिणेकडील शेतीचे मैदान आणि रेल्वेमार्गाच्या आधाराने टिकलेली छोटी गावे.

शहराचे दुर्गमपणही विशेष आहे. सैबेरिया ओलांडून प्रशांत महासागराकडे जाणारा प्रसिद्ध लोहमार्ग थेट शहरातून जात नाही. तो उत्तरेकडील बेलोगोर्स्क गावातून जातो आणि तेथून सुमारे ११० किलोमीटरचा फाटा ब्लागोवेश्चेन्स्कपर्यंत येतो. परिणामी देशाच्या मुख्य मार्गाच्या दृष्टीने हे शहर एका टोकाला पडलेले आहे. नकाशा उलटा धरून चीनच्या बाजूने पाहिले तर मात्र तेच रशियाचे प्रवेशद्वार ठरते. शहराच्या अर्थकारणातला सारा ताण या दोन दृष्टींमधला आहे.

उणे बावीसचा जानेवारी आणि मोसमी पाऊस

ब्लागोवेश्चेन्स्क सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. युरोपातील प्राग शहरही जवळपास याच अक्षांशावर वसले आहे. असे असूनही प्रागचा जानेवारी शून्याच्या आसपास रेंगाळतो, तर ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये त्या महिन्याचे सरासरी तापमान उणे २२ अंश सेल्सिअसच्या जवळ असते आणि कडाक्याच्या लाटेत पारा उणे ४० कडे झुकतो. या थंडीचे कारण अक्षांशात नसून भूखंडाच्या रचनेत आहे. हिवाळ्यात सैबेरियावर जड, कोरड्या, थंड हवेचा प्रचंड दाब तयार होतो आणि ती हवा आग्नेयेकडे वाहू लागते. समुद्राची ऊब येथवर पोचत नाही. त्यामुळे हिवाळा अतिशय थंड, पण निरभ्र आणि कोरडा असतो. बर्फ फारसा पडत नाही. सूर्य मात्र स्वच्छ तळपतो.

उन्हाळ्यात वाऱ्यांची दिशा पालटते. पॅसिफिककडून दमट हवा येते, तापमान तिशीपर्यंत चढते आणि वर्षभरातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. पूर्व आशियाई मोसमी पावसाचा हा उत्तरेकडील काठ होय. म्हणूनच अमूरला मोठे पूर येतात ते बर्फ वितळण्याच्या वसंतात नव्हे, तर आपल्याकडच्याप्रमाणेच ऐन पावसाळ्यात. २०१३ च्या ऑगस्टमधील महापुराने अमूर खोऱ्यातील अनेक गावे आणि शेते पाण्याखाली घातली. २०२१ मध्येही प्रांताला पुराने पुन्हा गाठले.

एका वर्षात साठ-सत्तर अंशांचा चढउतार सोसायचा तर प्रत्येक गोष्ट महाग पडते. घरांच्या भिंती जाड असाव्या लागतात, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा लागतात, पाण्याचे नळ गोठणाऱ्या मातीच्या थराखालून न्यावे लागतात. ऑक्टोबरपासून एप्रिलअखेरपर्यंत शहर सामूहिक उष्णता-व्यवस्थेवर जगते. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून तापवलेले पाणी जमिनीखालच्या आणि जमिनीवरच्या नळांतून इमारतींमध्ये फिरवले जाते. ही व्यवस्था भर हिवाळ्यात काही तास जरी ठप्प झाली तरी तो केवळ गैरसोयीचा प्रश्न उरत नाही, जिवावरचे संकट होते. बांधकाम, रस्तेदुरुस्ती आणि शेती ही कामे वर्षातल्या सहा-सात महिन्यांत उरकावी लागतात. भाजीपाला आणि फळे हिवाळ्यात बाहेरून येतात. ती कोठून येतात, तर बहुधा नदीपलीकडून.

थंडीतून उत्पन्न मिळवण्याचा मार्गही शोधला गेला आहे. हेइहे हे चिनी वाहन-उद्योगाच्या शीत-चाचण्यांचे मोठे केंद्र आहे. गोठलेल्या तलावांवर आणि बर्फाच्या धावपट्ट्यांवर नव्या मोटारींचे ब्रेक, बॅटऱ्या आणि इंजिने तपासली जातात. हिवाळ्यात अभियंते व चालकांचे ताफे तेथे मुक्कामाला येतात आणि एरवी ओस पडणारी हॉटेले भरतात.

नदीचे चार ऋतू

पूल होण्याआधी दोन शहरांमधील दळणवळणाचे वेळापत्रक नदीच ठरवत असे. मेपासून ऑक्टोबरपर्यंत प्रवासी बोटी आणि मालवाहू तराफे चालत. नोव्हेंबरमध्ये पात्रातून बर्फाचे तुकडे वाहू लागले की बोटी बंद होत आणि हवेच्या गादीवरून सरकणारी वाहने सुरू होत. ती पाण्यावर आणि बर्फावर सारखीच धावतात. पात्र पक्के गोठल्यावर बर्फावर तरंगता पूल आणि वाट तयार केली जाई व तिच्यावरून मालमोटारी व बस जात. एप्रिलअखेर बर्फ फुटू लागला की ही वाट उखडून टाकावी लागे आणि काही आठवडे मालवाहतूक जवळजवळ थांबे. वर्षातून दोनदा, बर्फ धरताना आणि बर्फ सुटताना, व्यापार अडखळत असे. भाज्यांचे भाव त्या दिवसांत चढत, हे येथील गृहिणींच्या अंगवळणी पडले होते.

शुभवार्तेचे नाव आणि १९०० चा जुलै

ब्लागोवेश्चेन्स्क या नावाचा अर्थ ‘शुभवार्तेचे नगर’. देवदूताने मरियेला दिलेल्या शुभवार्तेच्या स्मरणार्थ येथे १८५८ मध्ये चर्चचा पाया घातला गेला आणि त्यावरून शहराला नाव मिळाले. त्याआधी, १८५६ मध्ये, झेया नदी अमूरला मिळते त्या ठिकाणी रशियन सैनिकांची चौकी बसली होती. मे १८५८ मध्ये पूर्व सैबेरियाचा गव्हर्नर निकोलाय मुराव्योव आणि छिंग साम्राज्याचा प्रतिनिधी यिशान यांच्यात ऐगुन येथे तह झाला आणि अमूरचा डावा काठ रशियाकडे गेला. अफूयुद्धांनी आणि अंतर्गत बंडांनी जर्जर झालेल्या चीनला हा तह मान्य करावा लागला. चिनी इतिहासलेखनात त्याची गणना ‘विषम तहां’मध्ये होते. ज्या घटनेमुळे एका काठाला शुभवार्तेचे नाव मिळाले, तीच दुसऱ्या काठावर अपमानाची खूण ठरली.

पुढील चार दशकांत शहर झपाट्याने वाढले. वरच्या खोऱ्यात सोने सापडले, आगबोटींची वाहतूक वाढली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ५० वर्स्टच्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे ५३ किलोमीटरपर्यंत, करमुक्त व्यापाराची मुभा होती. कुन्स्ट आणि आल्बर्स या जर्मन व्यापारी पेढीने येथे मोठे दुकान उभारले. त्या इमारतीत आज प्रांताचे वस्तुसंग्रहालय आहे. १८९० च्या उन्हाळ्यात सखालीन बेटाकडे जाताना अंतोन चेखव या शहरातून गेला. पुढच्याच वर्षी रशियाचा युवराज निकोलस येथे आला आणि त्याच्या स्वागतासाठी विजयकमान उभारली गेली. पौर्वात्य देशांच्या याच दीर्घ प्रवासात तो १८९० च्या अखेरीस मुंबईलाही उतरला होता. सोव्हिएत काळात पाडलेली ती कमान २००५ मध्ये पुन्हा बांधण्यात आली.

त्या भरभराटीत चिनी व मांचू रहिवाशांचा वाटा मोठा होता. दुकानदार, सुतार, घरगडी, भाजी पिकवणारे, खाणकामगार अशा अनेक नात्यांनी ते शहराला बांधलेले होते. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड पेटले. जुलैमध्ये पलीकडच्या काठावरून छिंग सैन्याने शहरावर तोफा डागल्या आणि भयग्रस्त प्रशासनाने शहरातील चिनी रहिवाशांना नदीपार हाकलण्याचा आदेश दिला. त्यांना शहराच्या वरच्या बाजूला काठावर नेण्यात आले. नावा नव्हत्या. बंदुका आणि कुऱ्हाडींच्या धाकाने त्यांना पाण्यात ढकलले गेले. काही हजार माणसे मारली गेली किंवा बुडाली. झेयाच्या पूर्वेकडील, ऐगुन तहानुसार छिंग अधिकारात राहिलेली ‘चौसष्ट गावे’ही रिकामी करण्यात आली. त्यानंतर रशियन फौजांनी पलीकडच्या वस्त्या जाळल्या.

हेइहेजवळच्या ऐगुन गावातील संग्रहालयात ही स्मृती जतन केलेली आहे आणि चिनी शाळांच्या सहली तेथे येतात. आज दोन्ही शहरे मैत्रीच्या जाहिराती करतात, एकमेकांच्या ग्राहकांवर जगतात. तरीही या काठांमधील पाणी केवळ भौगोलिक नाही, हे विसरता येत नाही.

कलिंगडे देऊन खत

१९१३ मध्ये करमुक्त पट्टा रद्द झाला. पुढे क्रांती, यादवी, पलीकडे जपानच्या पंखाखालचे मांचुकुओ राज्य आणि १९४५ मधील सोव्हिएत स्वारी अशा घटनांतून सीमा लष्करी होत गेली. पन्नाशीच्या दशकात साम्यवादी बंधुभावाचे काही दिवस आले. मग दोन्ही पक्षांत फूट पडली आणि १९६९ मध्ये उसुरी नदीवरील बेटावरून रक्तपात झाला. त्यानंतर अमूरचा हा भाग जवळजवळ दोन दशके एकमेकांकडे दुर्बिणीतून पाहण्यापुरता उरला. नदीकाठी आजही उभे असलेले सीमारक्षकाचे शिल्प आणि चौथऱ्यावर चढवलेली लढाऊ नौका त्या काळाची आठवण देतात.

ही कोंडी फुटली ती एका साध्या सौद्याने. १९८७ मध्ये हेइहेच्या व्यापाऱ्यांनी २०८ टन कलिंगडे नदीपार पाठवली आणि मोबदल्यात सोव्हिएत बाजूकडून ३०६ टन रासायनिक खत घेतले. पैशाचा व्यवहार नव्हता. वस्तूला वस्तू असा निखळ विनिमय होता. या सौद्यात दोन्ही काठांची गरज स्पष्ट दिसते. एका बाजूला अवजड उद्योग होता, पण ताजे फळ नव्हते. दुसऱ्या बाजूला पीक होते, पण खत नव्हते. १९८८ मध्ये दोन शहरांदरम्यान एका दिवसाच्या व्हिसामुक्त सहली सुरू झाल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, अमूर प्रांतातील कारखान्यांचे पगार थकले, दुकाने रिकामी पडली. अशा वेळी पलीकडचे स्वस्त कपडे, बूट, थर्मास आणि भाज्या हा शहराचा मोठा आधार ठरला. दुसरीकडे हेइहे हे मातीच्या रस्त्यांचे गाव पाहता पाहता काचेच्या इमारतींचे शहर झाले. तेथील दुकानांवर रशियन पाट्या लागल्या, विक्रेते मोडकी रशियन बोलू लागले, इतकेच काय, रस्त्याकडेच्या कचरापेट्यांनाही रशियन मात्र्योश्का बाहुलीचा आकार देण्यात आला.

‘विटा’ आणि ‘कंदील’

या व्यापारातून ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये एक नवा पेशा जन्मला. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी ठरावीक वजनापर्यंतचा माल जकात न भरता आणता येतो. मोठा माल व्यापारी मार्गाने आणला तर जकात आणि कागदपत्रांचा खर्च भारी. मग व्यापाऱ्याने काय करावे? त्याने तोच माल वीस-तीस प्रवाशांमध्ये विभागून द्यावा. असे सामान वाहून आणणाऱ्या माणसाला स्थानिक बोलीत ‘किर्पिच’, म्हणजे वीट, म्हणत. आणि या विटांची जुळवाजुळव करणाऱ्या म्होरक्याला ‘फोनार’, म्हणजे कंदील. विटांमध्ये पगार थकलेले कामगार होते, विद्यार्थी होते, निवृत्तिवेतनात भागत नसलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. मोबदला म्हणून हातात थोडी रोकड पडे आणि पलीकडे फुकटात फेरफटका व जेवण मिळे.

कायद्याच्या कडेकडेने चालणारा हा व्यवसाय सरकारने नियम बदलून अनेकदा आवळला. २०१९ पासून युरेशियन आर्थिक संघाच्या सीमांवर भूमार्गाने येणाऱ्या प्रवाशाला ५०० युरो किंमतीचा व २५ किलो वजनाचा मालच जकातीविना आणण्याची मुभा उरली. राजधानीत घेतलेल्या अशा एका निर्णयाने येथील शेकडो घरांचा महिन्याचा हिशेब बदलतो.

चलनाचा भाव हा दुसरा अदृश्य नियंता. २०१४ च्या अखेरीस रूबल जोरात घसरला आणि एका हिवाळ्यात प्रवाहाची दिशाच उलटली. ज्या रशियन ग्राहकांवर हेइहेची दुकाने चालत होती ते घरी बसले, आणि चिनी पर्यटक ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये येऊन चॉकलेट, पीठ, मध आणि आइस्क्रीम खरेदी करू लागले. शहरातील उपाहारगृहांनी चिनी भाषेतील पदार्थांच्या याद्या छापल्या. सीमेवरचा व्यापारी दोन्ही भाषा शिकतो, कारण उद्या ग्राहक कोणत्या काठावरून येईल याचा त्याला भरवसा नसतो.

तयार असूनही बंद राहिलेला पूल

दोन शहरांमध्ये पूल बांधण्याचा करार १९९५ मध्ये झाला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला. दोन्ही काठांवरून पुढे सरकणारे भाग मे २०१९ मध्ये मध्यभागी जोडले गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बांधकाम पुरे झाले. लगेच करोनाची साथ आली. चीनने सीमा मिटली, प्रवासी वाहतूक थांबली आणि तयार पूल अडीच वर्षे रिकामा उभा राहिला. १० जून २०२२ रोजी पहिल्या मालमोटारी त्यावरून गेल्या. तोवर युक्रेनमधील युद्ध सुरू झाले होते, पाश्चात्त्य देशांनी रशियावर निर्बंध लादले होते आणि चीनचा दरवाजा ही रशियाची निकड बनली होती. सीमाशहरांची सोय म्हणून आखलेला पूल आता साऱ्या देशाच्या व्यापाराचा मार्ग ठरला आहे. नदीवरून प्रवासी नेणारा आंतरराष्ट्रीय रज्जुमार्गही आखण्यात आला. त्याचे काम वर्षानुवर्षे लांबत गेले.

प्रवाशांची ये-जा साथीनंतर २०२३ मध्ये पुन्हा रुळावर येऊ लागली. १५ सप्टेंबर २०२५ पासून चीनने रशियन नागरिकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देण्यास प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात केली आणि डिसेंबरमध्ये रशियाने त्याला तसाच प्रतिसाद दिला. त्यामुळे शनिवार-रविवारी पलीकडे जाऊन जेवण करणे, दातांवर उपचार करून घेणे, चष्मा बनवणे हे ब्लागोवेश्चेन्स्कच्या मध्यमवर्गाच्या सवयीत पुन्हा बसू लागले आहे. याचा फटका बसतो तो शहरातल्याच दुकानदाराला. त्याचा ग्राहक बोटीत बसून निघून जातो.

जमिनीखालून जाणारी संपत्ती

प्रवासी आणि भाज्यांपेक्षा कितीतरी मोठी उलाढाल आता डोळ्यांना न दिसणाऱ्या मार्गांनी होते. याकुतियातील वायुक्षेत्रांतून निघणारी ‘सैबेरियाची शक्ती’ ही वाहिनी ब्लागोवेश्चेन्स्कजवळ अमूरच्या तळाखालील बोगद्यांतून चीनमध्ये शिरते. डिसेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. तिची वार्षिक क्षमता ३,८०० कोटी घनमीटर आहे. वाटेत स्वोबोद्नी गावाजवळ उभारलेल्या प्रचंड प्रकल्पात या वायूतून इथेन, प्रोपेन आणि हेलियम वेगळे काढले जातात. प्रांतातच व्होस्तोच्नी हे नवे अवकाशतळ असून तेथून २०१६ मध्ये पहिले उड्डाण झाले. झेया आणि बुरेया नद्यांवरील जलविद्युत केंद्रांची क्षमता अनुक्रमे १,३३० आणि २,०१० मेगावॉट आहे, आणि २०१२ मध्ये ५०० किलोव्होल्टची वाहिनी टाकून चीनला वीजविक्री वाढवण्यात आली. २०२३ मध्ये मात्र अतिपूर्वेतील स्वतःचीच मागणी वाढल्याने ही निर्यात घटवावी लागली.

या आकड्यांनी प्रांताचे उत्पन्न फुगते. पण सामान्य रहिवाशाचा अनुभव वेगळा असतो. जगातील मोठ्या वायुवाहिन्यांपैकी एक शहराजवळून जात असताना शहराला ऊब मिळते ती मुख्यतः कोळशातून. हिवाळ्यातील निश्चल हवेत त्याचा धूर शहरावर तरंगत राहतो. प्रकल्पांच्या बांधणीच्या काळात हजारो हंगामी कामगार आले आणि काम संपताच परतले. नळातून वाहणाऱ्या संपत्तीला चालवायला माणसे थोडीच लागतात.

सोयाबीनचा दुवा

माणसे धरून ठेवणारा व्यवसाय आहे तो शेतीचा, आणि येथे मराठी वाचकाला ओळखीचे पीक भेटते. झेया आणि बुरेया या नद्यांमधील मैदान हा रशियातील सोयाबीनचा जुना आणि प्रमुख पट्टा आहे. सोयाबीनची रानटी जात अमूर खोऱ्यात मूळचीच उगवते. ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये रशियाची सोयाबीन संशोधन संस्था आहे, जशी भारताची इंदूरमध्ये आहे. माळवा, विदर्भ आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे जे पीक तेच अमूरच्या शेतकऱ्याचे. अडचणी मात्र वेगळ्या.

सोयाबीन दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. पन्नासाव्या अक्षांशावर उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांचा असतो. सामान्य वाण तेथे नुसतेच पानांनी वाढेल आणि शेंगा भरण्याआधी हिम पडेल. म्हणून दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारे, तीन-साडेतीन महिन्यांत तयार होणारे वाण तेथील संशोधकांनी विकसित केले. मेच्या उत्तरार्धात पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी, आणि मध्ये मोसमी पावसाची धास्ती. काढणीच्या तोंडावर शेतात पाणी साचले तर होणारी घालमेल लातूरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. रशियाने २०१६ मध्ये जनुकपरिवर्तित पिकांच्या लागवडीवर बंदी घातली. भारतातही असे सोयाबीन पेरण्यास परवानगी नाही. खाण्यासाठी जनुकपरिवर्तित नसलेल्या सोयाबीनला चीनमध्ये मागणी आहे. पण चीनची अवाढव्य गरज भागते ती मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेतून, त्यामुळे भाव ठरवण्याची ताकद अमूरच्या शेतकऱ्याच्या हाती येत नाही. एकच मोठा ग्राहक आणि तोही सीमेपलीकडचा, ही त्याची खरी अडचण आहे.

रिकामे होत जाणारे दोन्ही काठ

‘पलीकडे कोट्यवधी माणसे, इकडे मोकळी जमीन, उद्या चिनी लोक लोंढ्याने येतील’ ही भीती रशियात शंभर वर्षांहून अधिक काळ बोलून दाखवली जाते. आकडेवारी वेगळे चित्र दाखवते. अमूर प्रांताची लोकसंख्या १९८९ मध्ये साडेदहा लाखांच्या घरात होती, ती २०२१ च्या जनगणनेपर्यंत ७ लाख ६७ हजारांच्या आसपास आली. पलीकडच्या हेइलाँगजियांग प्रांतातही तीच गळती आहे. २०१० मध्ये तेथे ३ कोटी ८३ लाख लोक होते, २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख. दहा वर्षांत सुमारे ६५ लाखांची घट झाली. चीनचे भूगोलतज्ज्ञ हू ह्वानयोंग यांनी १९३५ मध्ये देशाच्या दाट आणि विरळ वस्तीला विभागणारी जी प्रसिद्ध रेषा आखली तिचे उत्तर टोक हेच हेइहे. चिनी तरुण येथून दक्षिणेकडील किनारी शहरांत जातो, रशियन तरुण मॉस्कोकडे किंवा सेंट पीटर्सबर्गकडे. नदी ओलांडण्यापेक्षा नदीपासून दूर जाण्याची ओढ दोघांनाही अधिक आहे.

ही गळती रोखण्यासाठी रशियन सरकारने अनेक उपाय केले. वेतनावर प्रादेशिक भत्ता आहे, विमानभाड्यात सवलत आहे. २०१६ पासून अतिपूर्वेत अर्जदाराला एक हेक्टर जमीन मोफत देण्याची योजना चालू झाली, तर २०१९ च्या अखेरीस तरुण कुटुंबांसाठी २ टक्के व्याजाचे गृहकर्ज आले. स्वस्त कर्जामुळे नव्या इमारती उभ्या राहिल्या, पण घरांच्या किमतीही चढल्या. जमिनीचा हेक्टर मिळाला तरी तेथे रस्ता, वीज आणि पाणी पोचवण्याचा प्रश्न उरतोच.

तरीही ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये राहणारा माणूस शहर सोडण्याआधी बराच विचार करतो. विद्यापीठे आहेत, नाट्यगृह आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी नदीकाठ गजबजतो. उजव्या बाजूला चक्र असलेल्या जुन्या जपानी मोटारी अजूनही रस्त्यांवर धावतात आणि त्यांच्या शेजारी नव्या चिनी मोटारींची संख्या वाढत आहे. मुलांना शाळेत चिनी भाषा शिकवावी की इंग्रजी, हा येथे घरोघरी चर्चेचा विषय आहे. कारण त्या निवडीवर मूल याच काठावर राहील की दूर जाईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

सीमेवरचे शहर दोन बाजारपेठांचा लाभ घेते आणि दोन सरकारांच्या निर्णयांचा धोका पत्करते. ब्लागोवेश्चेन्स्कचा इतिहास सांगतो की येथे दरवाजा उघडतो तेव्हा समृद्धी वेगाने येते, आणि तो मिटण्याआधी सूचना मिळतेच असे नाही. आता पूल उभा आहे, व्हिसाची अट शिथिल झाली आहे आणि वायू अखंड वाहतो आहे. मात्र पुलाची परवानगी, चलनाचा भाव आणि जकातीचे वजन यांपैकी एकही गोष्ट शहराच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे ते एवढेच की पलीकडच्या शेजाऱ्याची भाषा शिकावी, त्याच्याशी व्यवहार सचोटीने करावा आणि १९०० सारखा जुलै पुन्हा येऊ देऊ नये.